स्वस्त विमानाचं चेक-इन: बोर्डिंग पासचे पैसे कुठे लागतात आणि कुठे लागत नाहीत

माझी मावशी अमळनेरची. लेक बंगळुरूला असते, तिच्याकडे जायला जावयाने पुण्याहून विमानाचं तिकीट काढून दिलं, मावशी आणि काका दोघांचं. निघायच्या दोन दिवस आधी मोबाईलवर मेसेज आला की वेब चेक-इन करून घ्या. मावशीला वाटलं हे केलं नाही तर विमानात बसू देणार नाहीत, ती बाजारातल्या ऑनलाइन सेंटरवर गेली, तिथल्या पोराने वेबसाइट उघडली, सीटचा नकाशा आला, त्याने खिडकीजवळच्या दोन सीट निवडल्या, साडेसातशे रुपये भरले आणि स्वतःचे शंभर घेतले. मला हे नंतर फोनवर कळलं. मी म्हटलं मावशी, हे पैसे भरायची गरजच नव्हती. ती म्हणाली, "माले वाटनं पैसा भरनाज पडतीन."

हे वाटणं फक्त तिचं नाही. आमच्या नात्यात, ओळखीत जेवढे लोक पहिल्यांदा विमानाने गेले त्यातल्या बहुतेकांनी कुठे ना कुठे असे पैसे भरलेत. त्यात आता युरोपातल्या रायनएअर कंपनीने १२ नोव्हेंबर २०२५ पासून कागदी बोर्डिंग पास बंद केला ती बातमी फिरत फिरत आपल्याकडच्या ग्रुपवर आली, आणि येताना तिचं रूप असं झालं की "आता बोर्डिंग पासचे साडेपाच हजार लागणार". जळगावहून २०२४ पासून गोवा, हैदराबाद, पुणे, मुंबई अशी विमानं सुरू झाली, म्हणजे आपल्या जिल्ह्यातूनच पहिल्यांदा विमानात बसणारी माणसं वाढलीत. म्हणून एकदा नीट, पहिल्यापासून सांगतो.

तिकीट, चेक-इन आणि बोर्डिंग पास या तीन गोष्टी आहेत

रेल्वेत तिकीट कन्फर्म झालं की डबा आणि बर्थ नंबर मिळतो, आपण सरळ जाऊन बसतो, टीसी नंतर येऊन यादीत आपल्या नावापुढे खूण करतो. विमानात ही खूण गाडीत बसायच्या आधी होते. तिचं नाव चेक-इन. म्हणजे तिकीट काढलं तेव्हा तुम्ही प्रवास विकत घेतला, आणि चेक-इन केलं तेव्हा "मी खरंच येतोय" असं कंपनीला सांगितलं. त्यानंतर जो कागद किंवा मोबाईलवरचा कोड मिळतो तो बोर्डिंग पास, त्यावर नाव, सीट, गेट आणि वेळ असते.

ही खूण आधी का लागते? कारण विमान उडायच्या आधी आत किती माणसं, किती सामान, कुठे किती वजन याचा हिशोब पक्का करावा लागतो, आणि तो वैमानिकाच्या हातात गेल्याशिवाय विमान हलत नाही. जळगावला येतात तशा साधारण सत्तर सीटच्या छोट्या एटीआर विमानात तर पुढे-मागे बसलेल्या माणसांच्या वजनाचाही फरक पडतो. म्हणूनच आपल्याकडे बहुतेक कंपन्यांचं देशातल्या विमानांचं काउंटर सुटायच्या ६० मिनिटं आधी बंद होतं आणि गेट २५ मिनिटं आधी. एसटी जशी कंडक्टरला हात दाखवून थांबवता येते तसं इथे होत नाही, विमान समोर उभं दिसत असतं आणि तरी सोडत नाहीत. लोक याच्यावर फार चिडतात, पण काउंटर बंद झालं की तो हिशोब बंद व्हायला लागलेला असतो.

चेक-इन करायच्या दोन जागा आहेत. एक घरी बसून मोबाईलवर, त्याला वेब चेक-इन म्हणतात. दुसरी विमानतळावर काउंटरवर जाऊन. सगळा घोळ या दोन जागांमधल्या फरकाचा आहे.

कागद दोन रुपयांचा, मग पैसे कशाचे?

हा प्रश्न सगळे विचारतात आणि बरोबर विचारतात. पण पैसे कागदाचे नसतातच. ते काउंटरचे असतात, म्हणजे काउंटरमागे बसलेल्या माणसाचे, विमानतळाला त्या जागेच्या आणि कॉम्प्युटरच्या वापरासाठी कंपनी जे देते त्याचे, आणि सगळ्यात जास्त म्हणजे वेळेचे.

रावेर-सावद्याकडचा केळीचा ट्रक डोळ्यासमोर आणा. ट्रक दिल्लीला जातो तेव्हा कमावतो, बागेत उभा राहून घड भरायची वाट बघतो तेव्हा बँकेचा हप्ता चालूच असतो पण कमाई शून्य. विमानाचंही अगदी तसंच आहे फक्त हप्ता कोटींमध्ये असतो. त्यामुळे स्वस्त विमान कंपन्यांचा सगळा जीव एका गोष्टीवर असतो, विमान जमिनीवर कमीत कमी वेळ ठेवायचं. रायनएअरसारखी कंपनी उतरलेलं विमान २५ मिनिटांत परत उडवायचं असं वेळापत्रक धरून चालते. लोक घरूनच चेक-इन करून आले, हातात छोटी बॅग घेऊन सरळ गेटवर गेले की काउंटर कमी लागतात, माणसं कमी लागतात, रांगा कमी लागतात.

म्हणजे जे काम आधी कंपनीचा माणूस करायचा ते आता प्रवाशाने करायचं. ज्याने केलं त्याचं तिकीट स्वस्त, आणि ज्याने नाही केलं त्याला दंडासारखी रक्कम. कंपनी त्याला फी म्हणते. माझ्या मते तो दंडच आहे, कारण एक पास छापायला लागणाऱ्या खर्चाशी त्या रकमेचा काही मेळ बसत नाही, ती रक्कम मुद्दाम एवढी ठेवलेली असते की पुढच्या वेळी तुम्ही काउंटरवर येऊच नये.

मंगल कार्यालयासारखं बिल

आपल्याकडे लग्नासाठी कार्यालय ठरवायला गेलं की आधी हॉलचं भाडं सांगतात, ते ऐकून बरं वाटतं. मग जनरेटर वेगळा, भांडी वेगळी, पाण्याचा टँकर वेगळा, साफसफाई वेगळी, जास्तीच्या खोल्या वेगळ्या. दुसरं कार्यालय सगळं धरून एकच आकडा सांगतं आणि तो मोठा दिसतो. स्वस्त विमान हे पहिल्या कार्यालयासारखं.

भारतात अशी पहिली कंपनी म्हणजे २००३ ची एअर डेक्कन, मग २००५ ला स्पाइसजेट आणि २००६ ला इंडिगो आली. (एअर डेक्कन हे नाव पुढे उडान योजनेत परत आलं आणि डिसेंबर २०१७ ला जळगाव-मुंबई विमान त्याच नावाने सुरू झालं होतं, जुन्या लोकांना आठवत असेल.) या कंपन्यांनी काय केलं तर जेवण, सीट निवडणं, जास्तीचं सामान, आधी बसायला मिळणं हे सगळं मूळ भाड्यातून सोडवून वेगवेगळं विकायला काढलं. यात वाईट काही नाही असं मी म्हणेन, कारण ज्याला हैदराबादला एका दिवसासाठी कोर्टाच्या कामाला जायचंय आणि ज्याच्याकडे फक्त एक फाइल आहे त्याने दुसऱ्याच्या २० किलो बॅगेचे पैसे का द्यायचे. प्रश्न तेव्हा येतो जेव्हा अशी गोष्ट वेगळी काढून विकतात की जिच्याशिवाय प्रवासच होऊ शकत नाही. भांडी वेगळी ठीक आहे, पण हॉलचं दार उघडायचे वेगळे पैसे मागितले तर? बोर्डिंग पास म्हणजे ते दार.

भारतात: काउंटरवरच्या बोर्डिंग पासचे पैसे घेता येत नाहीत

मे २०२० मध्ये लॉकडाऊननंतर विमानं परत सुरू झाली तेव्हा सरकारनेच वेब चेक-इन सक्तीचं केलं होतं, गर्दी आणि संपर्क टाळायला. त्याच काळात काही कंपन्यांनी काउंटरवर चेक-इन करणाऱ्यांकडून पैसे घ्यायला सुरुवात केली, आणि साथ ओसरली तरी ते चालूच राहिलं. इंडिगो माणशी २०० रुपये घ्यायची. चार जणांचं कुटुंब असेल तर जाताना आठशे, येताना आठशे.

तक्रारी झाल्या आणि २१ जुलै २०२२ ला केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने जाहीर केलं की काउंटरवर बोर्डिंग पास देण्यासाठी कंपन्यांना वेगळे पैसे घेता येणार नाहीत. आधार होता विमान नियम १९३७ मधला नियम १३५. तो नियम भाड्याबद्दल आहे, सोप्या भाषेत असा की कंपनीने भाडं स्वतः ठरवावं पण ते ठरवताना खर्च, सेवा, वाजवी नफा हे सगळं धरून ठरवावं. मंत्रालयाचं म्हणणं एवढंच की बोर्डिंग पास देणं हे त्या भाड्यातच आलं, ते बाहेर काढून परत विकता येणार नाही.

म्हणजे देशातल्या विमानाला तुम्ही वेब चेक-इन न करता वेळेत काउंटरवर गेलात, तर बोर्डिंग पास फुकट मिळायला हवा. कोणी पैसे मागितले तर शांतपणे सांगायचं की २०२२ पासून हे घेता येत नाही, आणि तरी घेतले तर पावती मागायची.

मग मावशीचे साडेसातशे कशाचे गेले?

सीटचे. आणि माझ्या मते आपल्या लोकांचे खरे पैसे इथेच जातात, काउंटरवर नाही.

वेब चेक-इन फुकट आहे. पण ते करायला गेलं की मध्येच विमानाचा नकाशा येतो आणि प्रत्येक सीटवर किंमत लिहिलेली दिसते. पुढच्या रांगा महाग, पाय पसरायला जागा असलेल्या सीट अजून महाग, खिडकी आणि कडेच्या सीटला थोडे कमी. ज्याला माहीत नाही त्याला वाटतं यातली एक घेतल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही. फुकटवाला रस्ता असतो, पण तो एखाद्या बारीक अक्षरातल्या ओळीत असतो, "सीट न निवडता पुढे जा" अशा अर्थाची, आणि पैसे भरायचं बटन मोठं आणि रंगीत.

नोव्हेंबर २०१८ मध्ये यावरून देशभर गोंधळ झाला होता. वेब चेक-इन करताना सगळ्याच सीटना पैसे लागतील असं इंडिगोकडून आलं, लोक भडकले, मंत्रालयाने आम्ही तपासतो म्हणून सांगितलं, आणि मग कंपनीने खुलासा केला की ज्याला पैसे द्यायचे नाहीत त्याला विमानतळावर उरलेल्या सीटपैकी एक फुकट मिळेल. त्यानंतर विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीए या सरकारी संस्थेने २०२४ मध्ये परिपत्रकात लिहिलं की अशा वेगळ्या विकलेल्या सेवा प्रवाशाने स्वतःहून घेतल्या तरच लावायच्या, सक्ती नाही, आणि ज्याने सीट निवडली नाही त्याला सीट आपोआप दिली जाते.

तर सीट न निवडता सोडून द्या, कंपनी देईल ती सीट घ्या. मधली सीट मिळेल कदाचित, नवरा एका रांगेत आणि बायको दुसऱ्या रांगेत असंही होईल. पुणे-बंगळुरू दीड तासाचा प्रवास आहे, त्यासाठी पैसे द्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा, पण ठरवून द्या, घाबरून देऊ नका.

"लहान मूल सोबत आहे, ते वेगळं बसलं तर?"

ही भीती दाखवून सीट खपतात, म्हणून हे लक्षात ठेवा. एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने सांगितलंय की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरच्या आई किंवा वडिलांपैकी किमान एकाच्या शेजारी सीट द्यायची. त्यासाठी मुलाचं आणि तुमचं तिकीट एकाच पीएनआरवर असलं पाहिजे, पीएनआर म्हणजे बुकिंगचा सहा अक्षरांचा नंबर.

"मग वेब चेक-इन करायचंच कशाला, काउंटरवर जाऊ"

जाता येतं. पण मी तरी घरूनच करा म्हणेन, आणि त्याचं कारण पैशांचं नाही. विमान कंपन्या कधी कधी सीटपेक्षा जास्त तिकिटं विकतात, काही लोक येत नाहीत हे धरून. सगळे आले तर कोणाला तरी खाली ठेवावं लागतं, आणि जो शेवटी काउंटरवर आला त्याच्यावर ती पाळी यायची शक्यता जास्त. तसं झालंच तर भारतात भरपाईचा नियम आहे: एका तासाच्या आत सुटणाऱ्या दुसऱ्या विमानात बसवलं तर काही नाही, २४ तासांच्या आत बसवलं तर मूळ भाडं आणि इंधन आकार धरून दुप्पट पण १०,००० रुपयांपर्यंत, आणि त्याहून उशीर झाला तर चौपट पण २०,००० पर्यंत. पण लग्नाला किंवा ऑपरेशनला निघालेल्या माणसाला भरपाई घेऊन काय करायचं, त्याला पोचायचं असतं.

मोठी बॅग असेल तर वेब चेक-इन करूनही बॅग द्यायला काउंटरवर जावंच लागतं, हेही अनेकांना माहीत नसतं. देशात साधारण १५ किलो मोठ्या बॅगेला आणि ७ किलो हातातल्या बॅगेला अशी सवलत असते, आणि आपली माणसं लेकीकडे जाताना कळण्याचं पीठ, केळीचे वेफर्स, वांगी, पापड असं सगळं बांधून नेतात तेव्हा १५ किलो कधी ओलांडतात ते कळत नाही. तिथले जास्तीचे पैसे मात्र खरे आहेत, ते कोणी माफ करत नाही. घरी वजनकाट्यावर बॅग ठेवून बघा.

परदेशात गणित उलटं आहे

आता ती साडेपाच हजारांची बातमी. आपल्याकडून शिकायला, नोकरीला पोरं आयर्लंड, जर्मनीला जाताहेत, मग आई-वडील सहा महिन्यांनी भेटायला जातात आणि तिथल्या स्वस्त विमानाने आजूबाजूला फिरतात. भारतातला २०२२ चा निर्णय तिथे चालत नाही. रायनएअरने २००९ मध्येच ऑनलाइन चेक-इन सक्तीचं केलं. आज ऑनलाइन न करता विमानतळावर चेक-इन करायला गेलात तर माणशी ५५ युरोपर्यंत घेतात, म्हणजे आपले साडेपाच हजारांच्या वर. कित्येकदा तिकीटच त्याच्यापेक्षा स्वस्त असतं.

२०२३ मध्ये इंग्लंडमधलं ऐंशीच्या घरातलं एक जोडपं फ्रान्सला निघालं होतं. त्यांनी चुकून जाण्याच्या ऐवजी येण्याच्या विमानाचे पास काढले होते. विमानतळावर त्यांच्याकडून दोघांचे ११० पाउंड घेतले, साधारण अकरा हजार रुपये, आणि त्यावरून मोठी चर्चा झाली. यातून आपण एक गोष्ट घ्यायची, जाण्याचं आणि येण्याचं चेक-इन वेगळं असतं, दोन्ही करावी लागतात.

नोव्हेंबर २०२५ चा बदल असा आहे की आता घरून छापून आणलेला कागदही चालत नाही, पास कंपनीच्या ॲपमध्येच लागतो. पण, आणि हेच फिरणाऱ्या मेसेजमध्ये नसतं, तुम्ही ऑनलाइन चेक-इन आधी केलेलं असेल आणि नेमका मोबाईल बंद पडला किंवा हरवला तर विमानतळावर पास फुकट देऊ असं कंपनीने सांगितलंय. ५५ युरो आहेत ते चेक-इनच न केल्याचे.

आणि भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी अजून एक पायरी. अशा कंपन्यांमध्ये युरोपबाहेरच्या नागरिकांना सिक्युरिटीच्या आधी काउंटरवर जाऊन व्हिसा आणि कागद तपासून घ्यावे लागतात. त्याचे पैसे नाहीत, पण ते न करता गेटवर गेलं तर परत पाठवू शकतात. पोराला आयर्लंडला राहून दोन वर्षं झाली असली तरी त्याला हे माहीत असेलच असं नाही, कारण त्याच्या तिथल्या मित्रांना ते करावं लागत नाही.

"हा म्हाताऱ्या माणसांवर अन्याय नाही का?"

आहे. मी इथे कंपन्यांची बाजू घेणार नाही. वर मी केळीच्या ट्रकचं सांगितलं ते खरंच आहे, काम प्रवाशाने केलं की खर्च वाचतो. पण ज्याला ते काम येतच नाही, ज्याच्याकडे साधा बटनाचा फोन आहे, ज्याला मराठी वाचता येतं पण इंग्रजीतला सीटचा नकाशा कळत नाही, त्याच्याकडून वसूल करून बाकीच्यांचं तिकीट स्वस्त ठेवायचं हे बरोबर नाही.

असं फक्त मला वाटतं असंही नाही. जानेवारी २०११ मध्ये बार्सिलोनाच्या एका कोर्टाने रायनएअरची पास छापायची ४० युरो फी चुकीची ठरवली होती, पास देणं ही कंपनीचीच जबाबदारी आहे म्हणून. वरच्या कोर्टात तो निकाल त्याच वर्षी फिरला. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पेनच्या ग्राहक मंत्रालयाने पाच स्वस्त विमान कंपन्यांना मिळून १७९ दशलक्ष युरोचा दंड लावला, मुख्य कारण हातातल्या बॅगेचे पैसे, पण त्यात बोर्डिंग पास छापण्याचे पैसे घेणं हेही होतं. कंपन्या त्याविरुद्ध भांडताहेत. म्हणजे तिथे अजून वाद चालू आहे आणि आपल्याकडे निदान बोर्डिंग पासपुरता तरी निर्णय प्रवाशाच्या बाजूने झालाय, तो वापरला पाहिजे.

खान्देशातून निघताना

जळगावहून बसणार असाल तर सोपं आहे, पण मुंबई, पुणे, सुरत किंवा इंदूरहून विमान असेल तर आपला प्रवास आदल्या दिवशीच सुरू होतो. रात्रीच्या गाडीत बसल्यावर चेक-इन करू असं म्हणू नका, कसारा घाटात नेट जातं आणि सकाळी घाई असते. बहुतेक भारतीय कंपन्यांचं वेब चेक-इन ४८ तास आधी सुरू होतं, म्हणजे घरी निवांत बसून, नातवाला किंवा भाच्याला शेजारी बसवून करता येतं. सीटच्या पानावर थांबा, पैसे न मागता पुढे जायची ओळ शोधा. पासचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि एक कागदावर छापूनही घ्या, देशात कागद चालतो, आणि मोबाईलची बॅटरी संपली तर तोच कामी येतो. ऑनलाइन सेंटरवर जायचं असेल तर त्या पोराला आधीच सांगा, "सीट नको, फुकटचं चेक-इन कर."

आणि कोणी चुकीचे पैसे घेतलेच तर पावती, तिकीट आणि मेसेजचा फोटो ठेवा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, मग सरकारचं एअरसेवा नावाचं ॲप आणि पोर्टल आहे तिथे, किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. मावशीचे पैसे परत येणार नाहीत कारण सीट तिने "स्वतः निवडली" असं नोंदीत आहे. पण परतीच्या प्रवासाचं चेक-इन तिने बंगळुरूहून मला व्हिडिओ कॉल लावून केलं, नकाशा आला तेव्हा पाच मिनिटं थांबली, खालची बारीक ओळ तिनेच शोधली, आणि काका १९ व्या रांगेत, ती २३ व्या, असे दोघं पुण्याला उतरले.